मोजण्यासाठी काढलेली फिल्म

मिट्ट काळोखात एक दुमजली लाकडी घर एकाएकी लख्ख उजळतं. दर्शनी भिंतीचा रंग धुमसू लागतो. पुढच्याच क्षणी न दिसणारी एक लाट येते आणि घराची फळी न् फळी उधळून जाते. अणुचाचणीचं हे दृश्य आपण बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. पाहिलं की शंका येतेच: घर उडालं, मग कॅमेरा कसा वाचला? त्यावर तयार उत्तरही ऐकू येतं, की हे स्टुडिओत उभं केलेलं छोटं मॉडेल असणार.

शंका रास्त आहे, उत्तर चुकीचं. घर खरं होतं. 17 मार्च 1953 रोजी पहाटे नेवाडाच्या वाळवंटात ‘ॲनी’ नावाची 16 किलोटनांची चाचणी झाली, तेव्हा ते स्फोटापासून साधारण 1,070 मीटरवर उभं होतं. कॅमेरा पाच सेंटिमीटर जाडीच्या शिशाच्या कवचात बंद होता. तिथे एकही दिवा लावलेला नव्हता. घर उजळतं ते बॉम्बच्याच प्रकाशाने. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सारं सुमारे 2.3 सेकंदांत आटोपलं. रंग आधी धुमसतो आणि भिंत नंतर कोसळते, कारण उष्णता प्रकाशाच्या वेगाने येते आणि दाबाची लाट मागाहून पोचते. नेमका हाच क्रम टिपायचा होता.

या फिल्मांबद्दलचे बरेचसे गैरसमज एकाच गोष्टीतून येतात. त्या आपल्याला दाखवण्यासाठी काढल्या असं आपण धरून चालतो. खरं तर तो कॅमेरा तापमापकासारखं एक मोजमापाचं साधन होता. 16 जुलै 1945 च्या पहिल्या अणुस्फोटाची, ‘ट्रिनिटी’ची, छायाचित्रं पुढे जाहीर झाली, तेव्हा त्यांवर स्फोटानंतरची वेळ आणि अंतराची मोजपट्टी छापलेली होती. इंग्लंडमधले गणितज्ञ जी. आय. टेलर यांनी अग्निगोल कोणत्या क्षणी किती फुगला, एवढ्यावरून स्फोटाची शक्ती काढली: सुमारे 17 हजार टन टीएनटी. अमेरिकी सरकारने गुप्त ठेवलेल्या आकड्याच्या ते बरंच जवळ पोचले. 1950 मध्ये त्यांनी हे गणित प्रसिद्ध केलं. मला ही हकिगत फार मोलाची वाटते, कारण चित्र नीट वाचलं तर काय हाती लागतं ते तिच्यात दिसतं.

काही फिल्मांत ढगाच्या शेजारी उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात. काहींना त्या विजा वाटतात, तर काहींना फिल्मवरचे ओरखडे. त्या धुराच्या रेषा आहेत. स्फोटाच्या किंचित आधी छोटे अग्निबाण मुद्दाम सोडले जात. दाबाची लाट डोळ्यांना दिसत नाही, पण ती पुढे सरकली की तिच्यामागची धुराची रेषा तुटल्या-वाकल्यासारखी दिसते, आणि त्यावरून लाट कुठवर आली ते मोजता येतं. प्रकाशाबरोबरच ऐकू येणारा ‘धडाम’ मात्र बहुतेक वेळा नंतर जोडलेला असतो. दहा किलोमीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत खरा आवाज पोचायला जवळपास अर्धा मिनिट लागतो.

सर्वांत जास्त खटकते ती नावांची अदलाबदल. समुद्रातून पाण्याचा प्रचंड स्तंभ उसळतो, पायथ्याशी जहाजं दिसतात, आणि खाली लिहिलेलं असतं ‘हिरोशिमा’. ती 25 जुलै 1946 ची बिकिनी बेटांवरची ‘बेकर’ चाचणी आहे, पाण्याखाली केलेली. त्याआधी काही महिने तिथल्या 167 रहिवाशांना बेट सोडायला लावलं होतं. फिल्ममध्ये ते कुठेच नाहीत. हिरोशिमावरचा बॉम्ब शहराच्या वर हवेत फुटला. सोबतच्या विमानातून हॅरॉल्ड ॲग्न्यू यांनी हातातल्या 16 मिलिमीटर कॅमेऱ्याने टिपलेली त्या ढगाची काही मूक दृश्यं आहेत. एका शहराच्या मरणाला दुसऱ्याच स्फोटाचं चित्र लावणं ही साधी चूक नाही. आपल्याकडे पोखरणच्या नावाखाली छत्रीसारखा ढग दाखवतात, तोही असाच परका. 1974 आणि 1998 च्या चाचण्या जमिनीखाली झाल्या. तिथे उठली ती जमीन आणि धूळ.

अवकाशाच्या फिल्मांतही हेच घडतं. अग्निबाणाचा टप्पा सुटतो, मागोमाग एक जळतं कडं गोल फिरत खाली जातं. हे दृश्य अपोलो 11 च्या नावावर सर्रास खपतं. ते आहे 9 नोव्हेंबर 1967 च्या अपोलो 4 चं, ज्यात एकही माणूस नव्हता. कडं कुठेही न अडकता सुटतं का, हे अभियंत्यांना माणसं बसवण्याआधी पाहायचं होतं. त्यासाठी कॅमेऱ्याची कुपी अग्निबाणातून बाहेर फेकली गेली, पॅराशूटने समुद्रात उतरली आणि तिथून उचलून आणली. 24 ऑक्टोबर 1946 रोजी न्यू मेक्सिकोतून उडालेल्या व्ही-2 अग्निबाणाने सुमारे 105 किलोमीटरवरून पृथ्वी टिपली, तेव्हा एवढीही सोय नव्हती. अग्निबाण जमिनीवर आदळून त्याचा चुराडा झाला, पण पोलादी डब्यातली फिल्म शाबूत राहिली.

चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं दृश्य अंधूक आहे, म्हणून ते खोटं असंही म्हणतात. चंद्रावरून सेकंदाला फक्त दहा चित्रं येत होती. ती पृथ्वीवर पडद्यावर उमटवून दुसऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपली जात, आणि त्यात बारकावे पुसट झाले. चांद्रयानाच्या खिडकीतून काढलेली रंगीत 16 मिलिमीटर फिल्म कितीतरी स्वच्छ आहे. ‘आम्ही ते मुंबईत टीव्हीवर थेट पाहिलं’ ही काहींची आठवणही तपासून घ्यावी लागते, कारण मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्यानंतर, 2 ऑक्टोबर 1972 ला.

अमेरिकेने 1945 ते 1962 मध्ये वातावरणात 210 अणुचाचण्या केल्या आणि त्यांच्या सुमारे 10,000 फिल्म काढल्या. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले ग्रेग स्प्रिग्स आणि त्यांचे सहकारी त्या शोधून, स्कॅन करून पुन्हा मोजू लागले, तेव्हा काही जुनी उत्तरं वीस-तीस टक्क्यांनी चुकलेली निघाली. 2017 पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास फिल्म सापडल्या होत्या. डब्याचं झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ॲसिटेटची पट्टी कुजू लागल्याचा तो वास आहे.