अल्प अवकाशाचे शास्त्र

विद्युत्-यंत्रांच्या इतिहासाकडे पाहिले, तर सामर्थ्य पिढीगणिक वाढावे आणि आकारमान पिढीगणिक घटावे, असा एक शिरस्ताच पडून गेलेला दिसतो. सबंध दालन व्यापणारे गणकयंत्र मेजावर आले, मेजावरून मांडीवर आले आणि अखेर तळहातावर येऊन विसावले. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची वाटचाल मात्र या शिरस्त्याच्या नेमकी उलट झाली. १९९९ साली एन्व्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्याच्या अंगावर एक लहानसा पंखा होता आणि त्याला लागणारी वीज मदरबोर्डावरील स्लॉटमधूनच भागत असे. २०१६ सालच्या ‘जीटीएक्स १०८०’ला १८० वॅट लागू लागले, २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’ने ४५० वॅटांची मागणी केली आणि २०२५ च्या जानेवारीत ‘आरटीएक्स ५०९०’ने ती ५७५ वर नेऊन ठेवली. ४०९० चे खुद्द एन्व्हिडियाने बनविलेले कार्ड ३०४ मिलिमीटर लांब, १३७ मिलिमीटर उंच आणि ६१ मिलिमीटर जाड आहे. इतर कंपन्यांनी तीच चिप घेऊन बांधलेली काही कार्डे तर साडेतीनशे मिलिमीटरांची हद्द ओलांडून गेली.

नवल असे की, ज्या काळात कार्डे अशी विस्तारत होती, त्याच काळात ती सामावून घेणारी पेटी, म्हणजे आपल्याकडील दुकानदार ज्याला कॅबिनेट म्हणतात ती वस्तू, आकुंचित करण्याचा ध्यास काही कल्पक लोकांनी घेतला होता. इंटेलने १९९५ साली रूढ केलेला ‘एटीएक्स’ मदरबोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरांचा असतो. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली १७० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा ‘मिनी-आयटीएक्स’ हा घाट पुढे आणला. तो मुळात अल्प विजेवर चालणाऱ्या साध्या यंत्रांसाठी होता. परंतु त्याच चौरसावर प्रबळ प्रोसेसर आणि पूर्ण लांबीचा एक स्लॉट बसू शकतो हे ध्यानी आल्यावर, ज्यांच्या मेजावर जागा थोडी पण कामाची भूक मोठी, अशा लोकांनी त्याचा स्वीकार केला. लोकवर्गणीच्या बळावर तयार झालेली ‘एनकेस एम१’ ही पेटी १२.६ लिटरांची, ‘डॅन ए४-एसएफएक्स’ अवघ्या ७.२ लिटरांची, तर स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन कंपनीची २०२३ सालची ‘टेरा’ १०.४ लिटरांची आहे. रूढ उभे कॅबिनेट मात्र सहज चाळीस-पन्नास लिटरांचे असते.

हे दोन विरुद्ध प्रवाह जेथे एकमेकांस भिडतात, तेथे उभा राहणारा प्रश्न वरकरणी फूटपट्टीने सुटण्याजोगा वाटतो. कार्डाची लांबी पेटीच्या लांबीहून कमी असली की काम झाले, असे मानून खरेदी करणारे पुष्कळ असतात. परंतु लहान पेटीत धातू आणि तांब्याइतकाच रिकामी जागा हादेखील यंत्राचा एक कार्यकारी भाग असतो, आणि त्या भागाची तरतूद ज्याने आधी केली नाही त्याचे कार्ड पेटीत बसेल, पण सुखाने चालणार नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कार्ड इतके अवाढव्य का झाले, हे समजल्यावाचून त्या रिकाम्या जागेचे महत्त्व उमगणार नाही. ४०९० मधील प्रत्यक्ष गणन करणारी चिप सुमारे ६०९ चौरस मिलिमीटरांची, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर बाजूच्या चौरसाएवढी आहे. कार्डाच्या उरलेल्या देहाचा बहुतांश भाग या लहानशा चौरसात निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यासाठी रचलेल्या पातळ पत्र्यांचा, नळ्यांचा आणि पंख्यांचा असतो. १९७४ साली आय.बी.एम.चे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याला लागणारा विद्युद्दाबही घटविता येतो, आणि म्हणून चिपच्या दर चौरस मिलिमीटरामागे खर्ची पडणारी वीज जवळजवळ कायम राहते. सुमारे तीन दशके या नियमाने संगणकशास्त्राला उदारहस्ते साहाय्य केले. परंतु २००५ च्या सुमारास विद्युद्दाब त्या गतीने घटेनासा झाला, ट्रान्झिस्टरांची संख्या मात्र वाढतच राहिली, आणि वाढीव वेगाची किंमत उष्णतेच्या रूपाने चुकती करावी लागू लागली. कार्डाची जाडी म्हणजे त्या देण्याचा डोळ्यांना दिसणारा आकडा होय.

आता हा जमाखर्च प्रत्यक्ष मांडून पाहू. कार्डाचे ४५० वॅट, प्रोसेसरचे शंभर आणि इतर भागांचे पन्नास धरले, तर पेटीत ६०० वॅट वीज शिरते आणि तिची अखेर सर्वस्वी उष्णताच होते. घरातील आठ जुन्या धाटणीचे छताचे पंखे जेवढी वीज घेतात तेवढी वीज पायतणाच्या खोक्याएवढ्या पेटीत उष्णता होऊन उतरते, असे म्हणण्यास हरकत नाही. एक घनमीटर हवा एका अंशाने तापविण्यास सुमारे बाराशे ज्यूल लागतात. बाहेरून येणारी हवा पंधरा अंशांनी तापून निघून जावी एवढी मुभा दिली, तर ६०० वॅट वाहून नेण्यास दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. दहा लिटरांची पेटी सर्वस्वी मोकळी आहे असे मानले, तरी तिच्यातील हवा सेकंदाला तीन वेळा बदलली पाहिजे. आणि ती मोकळी तर नसतेच, तिचा मोठा भाग कार्डाने व पॉवर सप्लायने आधीच व्यापलेला असतो. हवेला येण्याची व जाण्याची वाट इतकी निर्वेध का हवी, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

म्हणून मोजमाप करताना केवळ लांबीवर थांबू नये. लांबीचा प्रश्न एका अर्थी सर्वांत सोपा, कारण त्याचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते: ‘डॅन ए४’च्या आरंभीच्या आवृत्तीत २९५ मिलिमीटरपर्यंतचे कार्ड बसत असे, ४०९० चे मूळ कार्ड ३०४ चे आहे, आणि त्या नऊ मिलिमीटरांवर कोणतीही तडजोड चालत नाही. जाडीचा हिशेब स्लॉटांत करतात. दोन शेजारच्या स्लॉटांतील अंतर २०.३२ मिलिमीटर असते, त्यामुळे तीन स्लॉटांचे कार्ड म्हणजे ६१ मिलिमीटर आणि अडीच स्लॉटांचे म्हणजे जवळपास ५० मिलिमीटर. सर्वांत फसवी असते ती उंची; कारण विजेची केबल बहुधा कार्डाच्या वरच्या कडेला लागते, आणि तिला वळण घेण्यास जी जागा हवी ती कार्डाच्या छापील उंचीत धरलेली असतेच असे नाही.

‘टेरा’ पेटीचा दाखला येथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंचे ॲल्युमिनियमचे सच्छिद्र पत्रे वरच्या बिजागरीवर पंखांसारखे उचलले, की मधोमध एक उभी भिंत दिसते. तिच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि दुसऱ्या अंगाला, मदरबोर्डाकडे पाठ करून, ग्राफिक्स कार्ड असते, आणि रायझर नावाची चपटी केबल भिंतीला वळसा घालून दोहोंना जोडते. ही भिंत स्क्रू सैल करून सरकविता येते. कार्डाच्या बाजूला ४३ ते ७२ मिलिमीटर जाडीची सोय होते, आणि एका बाजूला दिलेला प्रत्येक मिलिमीटर दुसऱ्या बाजूच्या प्रोसेसर-कूलरकडून काढून घ्यावा लागतो. त्याची उंची त्यानुसार ७७ पासून ४८ पर्यंत उतरते. ६१ मिलिमीटरांचे कार्ड घेतले तर कूलरला ५९ च्या आतच भागवावे लागते. या मांडणीचा मोठा गुण असा की, कार्डाचे पंखे सच्छिद्र पत्र्याला लागून असल्यामुळे बाहेरची ताजी हवा थेट ओढून घेतात. पण भिंत चुकीच्या ठिकाणी ठेवली आणि पंखे व पत्रा यांच्यात बोटभर पोकळी राहिली, तर कार्डाने सोडलेलीच तप्त हवा त्या पोकळीतून परत पंख्यांत शिरते. रिकामी जागा जेथे हवी तेथे नसणे हा जसा दोष, तसाच ती नको तेथे असणे हाही दोषच होय.

पातळ कार्ड घेतल्याने हा सारा प्रश्न मिटतो, असेही नाही. ५०९० चे मूळ कार्ड शक्ती वाढूनही अवघे ४० मिलिमीटर, म्हणजे दोन स्लॉट जाडीचे आहे, आणि ही रचनाकौशल्याची मोठी कमाई मानली पाहिजे. परंतु त्याचे दोन्ही पंखे हवा पत्र्यांतून आरपार काढून मागच्या अंगाने सोडतात. मागे मोकळीक असली तर ही योजना उत्तम चालते. मागे लगतच भिंत असली तर ५७५ वॅटांची ऊब तिच्यावर आदळून पेटीतच घोटाळू लागते. कार्ड किती जाड आहे याबरोबरच ते श्वास कोणीकडून घेते आणि कोणीकडे सोडते, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

विजेच्या जोडणीविषयी मात्र थोडे कठोर शब्दांत सांगणे मी कर्तव्य समजतो. नव्या कार्डांवरील सोळा पिनांच्या सॉकेटमधून ६०० वॅटपर्यंत वीज नेण्याची तरतूद आहे. १२ व्होल्टांवर ही शक्ती म्हणजे ५० अँपिअर, आणि तो सारा प्रवाह सहा लहान पिनांतून, प्रत्येकीवर आठ अँपिअरांहून अधिक भार टाकून, वाहतो. २०२२ च्या ऑक्टोबरात अशा जोडण्या वितळल्याच्या वार्ता आल्या आणि तपासाअंती प्लग पूर्ण आत न बसणे हे एक प्रमुख कारण ठरले. पुढे ‘१२व्ही-२x६’ या सुधारित रचनेत प्लग नीट बसल्याविना वीज सुरूच होऊ नये, अशी तजवीज करण्यात आली. लहान पेटीत धोका अधिक, कारण झाकण केबलीला दाबते आणि केबल प्लगला तिरके खेचते. प्लग लावल्यावर त्याच्या व सॉकेटच्या मध्ये दिव्याच्या उजेडात फट दिसता कामा नये, आणि प्लगपासून निदान ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवूनच तिला वळण द्यावे. झाकण लावण्यास बळ खर्च करावे लागत असेल, तर ते कार्ड त्या पेटीचे नाही, असेच समजावे.

रायझर केबलीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘पीसीआय एक्स्प्रेस’च्या प्रत्येक पिढीने संदेशवहनाचा वेग जवळजवळ दुप्पट केला; त्यामुळे तिसऱ्या पिढीसाठी बनविलेली केबल चौथ्या पिढीच्या कार्डाला जोडली, तर पडदा काळाच राहणे किंवा मध्येच यंत्र थबकणे असे प्रकार घडतात आणि निर्दोष कार्डावर सदोष असल्याचा ठपका येतो. अशा वेळी प्रथम मदरबोर्डावरील ग्राफिक्सच्या आउटपुटला पडदा जोडावा आणि बायोसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग केबलीच्या पिढीइतका ठरवून द्यावा. खेळांत त्यामुळे होणारी वेगहानी नगण्य असते.

या सर्व बंधनांवर एक मोठा उतारा उपलब्ध आहे, आणि तो विनामूल्य आहे. चिपचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगाचा अखेरचा थोडासा अंश मिळविण्यासाठी विद्युद्दाब बराच चढवावा लागतो, म्हणून वीज अवास्तव खर्ची पडते. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून तीस टक्क्यांनी उतरविली, तर ४५० चे ३१५ वॅट होतात आणि वेगातील घट त्या मानाने फारच अल्प राहते. वीजमर्यादा उतरविण्याची ही युक्ती लहान पेटीच्या स्वामीने प्रथम दिवशीच आत्मसात करावी.

आपल्या हवामानात तर तिचे मोल अधिकच आहे. वर मांडलेला पंधरा अंशांचा हिशेब बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो. युरोपातील २२ अंशांच्या खोलीत जी हवा ३७ अंशांवर बाहेर पडते, तीच वैशाखातल्या नागपुरात ४२ अंशांनी सुरू होऊन ५७ वर पोहोचते. परदेशी परीक्षणांत छापलेले तापमान जसेच्या तसे खरे मानून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाणाऱ्याने त्यात ही वीस अंशांची भर स्वतः घालावी. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात लहान पेटीची गरज खरी आहे, आणि तेथे तिच्या पोटातून निघणारी ऊब घरातील माणसांनाच सोसावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

२०२४ च्या जूनमध्ये एन्व्हिडियाने लहान पेट्यांसाठी मापांची एक मर्यादा जाहीर केली: कार्डाची लांबी ३०४ मिलिमीटर, केबलीच्या वळणासह उंची १५१ मिलिमीटर आणि जाडी ५० मिलिमीटर, याच्या आत राहणाऱ्या कार्डाला तसे चिन्ह मिळते. केबलीचे वळण अधिकृत मापात धरले गेले, ही यातील मोलाची गोष्ट आहे. कार्डाच्या खोक्यावर केवळ कार्डाचे नव्हे, तर त्याला लागणाऱ्या मोकळ्या जागेचेही माप छापले जावे, कोणत्या अंगाने हवा येते व कोणत्या अंगाने जाते हे बाणांनी दाखविले जावे, आणि पेटी बनविणाऱ्यानेही तेवढ्याच प्रांजळपणे आपल्या पोटातील खरी मोकळीक सांगावी, अशी मागणी ग्राहकांनी करणे सर्वथा न्याय्य आहे. तोवर खरेदीचा क्रम आपणच बदलावा: प्रथम आपल्या कामाला किती वॅट लागतात ते ठरवावे, मग ती उष्णता वाहून नेईल एवढी हवेची वाट ज्या पेटीत आहे ती निवडावी, आणि कार्डाचे नाव सर्वांत शेवटी उच्चारावे.