खिओस बेटाचा डिंक

काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते ना? खरी मस्तकी म्हणजे ग्रीसच्या खिओस बेटावरच्या झाडांचा डिंक. उन्हाळ्यात सालीला चिरा पाडतात. ओघळलेला डिंक सुकला की वेचतात. मग बायका एकत्र बसून चाकूनं एकेक खडा साफ करतात.

आधी जिनोवाच्या व्यापाऱ्यांनी, १५६६ नंतर तुर्की सुलतानांनी या डिंकावर ताबा ठेवला. १९१२ मध्ये बेट ग्रीसकडे आलं, तरी भाव व्यापारीच पाडायचे. म्हणून १९३८ मध्ये उत्पादकांचा संघ उभा राहिला. आजही गावोगावचा डिंक संघच विकतो. २०११ पासून बेटाची नगरपालिकाही एकच आहे. २०१४ मध्ये युनेस्कोनं मस्तकी पिकवण्याच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आपल्या पापडांचा, हळदीचा भाव कोण ठरवतं? येत्या बैठकीत बोलूया.