निर्जंतुक हातांची तालीम

भंडारा जिल्ह्यात ऐनाच्या झाडांवर कोसा पिकविणाऱ्या ढिवर कुटुंबांस निर्जंतुकतेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. कारण अंडी घातलेल्या मादी पतंगाचे शरीर कुस्करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे, आणि पेब्रिन रोगाचा अंश आढळताच तिची सारी अंडी नष्ट करावयाची, ही पाश्चरने घालून दिलेली शिस्त कोशाच्या बीजकेंद्रांत आजही चालते.

लशी व इंजेक्शने भरणाऱ्या कारखान्यातील शिक्षण हे याच शिस्तीचे अधिक कठोर रूप होय. तेथे उमेदवाराची पहिली परीक्षा पोशाखाची: झगा जमिनीस न टेकविता अंगावर चढवावयाचा, मग हातमोज्यांची बोटे अगारच्या ताटलीवर टेकवावयाची, तीवर जंतूंची एक वसाहत जरी उगवली, तरी तालीम पुन्हा आरंभापासून. पुढे औषधाऐवजी पोषक द्रव कुप्यांत भरून त्या १४ दिवस उबेत ठेवतात, आणि एकही कुपी गढूळ होऊ नये अशी अपेक्षा धरतात. मला हा दंडक मुळीच जाचक वाटत नाही.

कारण १९०२ साली पंजाबातील मल्कोवाल गावी, मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत तयार झालेल्या प्लेगच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका ही लस तयार करणारे डॉ. हाफकिन यांच्यावर आला आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. खरे तर मल्कोवालात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरण्यात आला होता.