सेकंड हाफ बोअर आहे यार!

रविवारी एफसी रोडवर चहाला जमलं की आमचा ग्रुप सिनेमांचा निकाल लावतो. २०१६च्या मे महिन्यात विषय एकच, 'सैराट'!

"झिंगाट सही! पण हैदराबादला गेल्यावर पिक्चर स्लो होतो," एक जण म्हणाला. मीही मान डोलावली. (खरं तर तेव्हा मी पॉपकॉर्नच्या रांगेत होते.) दुसऱ्याला शेवट 'ओव्हर' वाटला.

एरवी गप्प असणारी मैत्रीण म्हणाली, "मला तेच खरं वाटलं. आम्ही पळून लग्न केलंय ना. अजून बेल वाजली की मी लगेच दार उघडत नाही."

नागराज मंजुळेंनी शेवटी आवाजच काढून घेतलाय. टेबलावरही तसंच झालं.

शनिवारी मी पुन्हा तिकीट काढलं. पॉपकॉर्न नाही घेतलं.