काट्याची साक्ष

पारनेर-श्रीगोंद्याकडून कांद्याच्या गोण्या भरून नेप्तीच्या उपबाजाराकडे, किंवा नगरहून इमामपूरचा घाट उतरून घोडेगावच्या बाजाराकडे ज्या जुन्या पिकअप गाड्या धावत असतात, त्यांच्या पाट्यांविषयी, टायरांविषयी आणि इंजिनाविषयी त्यांचे मालक घटकान्‌घटका बोलू शकतात. परंतु टाकीत डिझेल किती आहे, असा साधा प्रश्न केला तर उत्तर सहसा काट्याकडे पाहून मिळत नाही. चालक आधी शेवटचा पंप आठवतो, मग गाडी किती किलोमीटर फिरली याचा अदमास घेतो, त्याला गाडीच्या ॲव्हरेजने भागतो, आणि त्यानंतरच, अविश्वसनीय ठरलेल्या साक्षीदाराची जबानी केवळ शिरस्ता म्हणून नोंदवून घ्यावी तशी, काट्यावर एक नजर टाकतो.

या साक्षीदाराची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. टाकीतले डिझेल त्याने स्वतः कधीच पाहिलेले नसते. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट तरंगतो. पातळी उतरली की दांडी झुकते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्र्याची जीभ बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकून विजेला होणारा विरोध कमीजास्त करते. तो विरोध तारेवाटे मीटरापर्यंत जातो. तेथे, जुन्या पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत, दोन धातूंची एक जोडपट्टी तापते, वाकते, आणि तिच्या वाकण्याने काटा हलतो. ही रचना मंद असते, आणि हा मंदपणा हाच तिचा गुण होय. कारण खड्ड्यांतून जाताना टाकीत डिझेल कितीही हिंदकळले तरी काटा त्याबरोबर नाचत नाही. परंतु डिझेलाची उंची, उंचीचा विरोध, विरोधाची उष्णता आणि उष्णतेचा वाक अशा चार हातांतून आलेली ही वार्ता वीस वर्षे तंतोतंत राहील, ही अपेक्षाच मुळी अवास्तव आहे.

शिवाय फ्लोट सांगतो ती उंची, आणि आपण पैसे मोजतो ते आकारमानाचे. टाकी चौकोनी पेटीसारखी असती तर दोहोंत फारसे अंतर पडले नसते. परंतु चासीच्या बाजूला, दांड्यांच्या आणि चाकांच्या मधल्या उरल्यासुरल्या जागेत ती बसवावयाची म्हणून तिचे कोपरे मारलेले आणि तळ निमुळता असतो. त्यात पूर्ण भरलेल्या टाकीत फ्लोट छताशी अडून राहतो आणि बरेच डिझेल जळेपर्यंत खाली येण्याचे नाव घेत नाही. म्हणूनच काटा पहिल्या अर्ध्या वाटेत सुस्त असतो व उरलेल्या अर्ध्यात एकाएकी घाई करतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पांढरी पुलाकडून नगरच्या बाजूला घाट चढताना सगळे डिझेल टाकीच्या मागच्या भिंतीशी गोळा होते, आणि फ्लोट कोणत्या बाजूला बसवला आहे त्याप्रमाणे काटा अकारण श्रीमंत किंवा अकारण दरिद्री होतो.

वयाबरोबर येणारे दोष निराळेच. वेटोळ्याची तार एका जागी झिजते, तेथे काटा दर वेळी उडी मारतो. फ्लोटाला सूक्ष्म छिद्र पडून त्यात डिझेल शिरले की तो बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी भासते. टाकीच्या पट्ट्याशी गंज धरून अर्थिंग सैल झाले, तर वाढलेला विरोध काट्याच्या हिशेबात शिरतो. तार साफ तुटली तर काही रचनांत काटा तळाला पडतो आणि काहींत पूर्ण भरल्याचे दाखवत शांत उभा राहतो. यांतला दुसरा प्रकार अधिक घातक, हे सांगावयास नको.

डिझेलच्या गाडीत या चुकीची शिक्षाही कडक. पेट्रोलची गाडी थांबली तर डब्यातून पेट्रोल ओतावे आणि थोडा वेळ सेल्फ मारून निघावे. जुन्या डिझेल इंजिनाने मात्र एकदा हवा ओढली की नुसते डिझेल ओतून भागत नाही. बॉनेट उघडून फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा लागतो आणि हातपंप दाबत बसावे लागते. प्रथम पांढुरका फेस येतो, मग फुटफुटणारे बुडबुडे, आणि बोटे डिझेलाने माखल्यावर केव्हातरी अखंड धार लागते. मगच स्क्रू आवळावयाचा. ‘गाडीने एअर धरली’ हे तीन शब्द ज्याने भर उन्हात कांदा भरलेल्या गाडीपाशी उच्चारले आहेत, तो पुन्हा काट्याच्या भरवशावर राहत नाही.

युद्धकालीन जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखालीच असे. गादी उचलावी, झाकण काढावे, काडी बुडवून पाहावी, की निकाल हाती. १९८६ साली आलेल्या टाटांच्या ४०७ आणि १९८८ च्या टाटामोबाईलपासून हलक्या मालगाड्यांचे जे युग सुरू झाले, त्यात काडीला वावच फारसा उरला नाही, कारण डिझेल भरण्याची नळी वाकडी असली की काडी वळणावरच अडते. मग टाकी पत्र्याची असेल तर तिच्यावर बोटाच्या पेराने वरून खाली टकटक करीत जावे, आणि पोकळ आवाज जेथे बद्द होतो तेथे पातळी समजावी, ही युक्ती गॅरेजांतून रूढ झाली. माझ्या मते ती काट्याहून कमी शास्त्रीय नाही.

यातली विसंगती अशी की पंपावरच्या यंत्राला वैधमापन खात्याचे सील लागते, आणि शंका आल्यास ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तेच डिझेल टाकीत पडले की त्याचा हिशेब अशा काट्याकडे जातो, ज्याची झडती कोणी सरकारी अधिकारी घेत नाही. लष्करी वाहनांची संशोधन संस्था ज्या नगर शहरात आहे, त्याच शहराच्या रस्त्यांवर हे चालते, याची मला नेहमी गंमत वाटते.

तथापि चालकाची खरी तक्रार काटा चुकतो ही नसून तो बेभरवशाचा चुकतो ही असते. पावावर येऊनही जो काटा नेहमी तेवढेच अंतर चालू देतो, त्याच्याशी वर्षानुवर्षे संसार करता येतो. गाडी विकताना आर.सी. बुक, विमा, पीयूसी यांचे कागद हातोहात दिले जातात; हे ज्ञान मात्र कोणत्याच दप्तरात नसते. ते किल्ली देताना तोंडी सांगावे लागते: ‘काटा लाल रेषेला टेकला की घाबरू नका, पण राहुरीच्या पुढे जाऊ नका.’ आणि हे सांगणारा भेटला नाही, तर नव्या मालकाला ते एकदा रस्त्यावर हातपंप दाबून शिकावे लागते. नवा फ्लोट बसवणे फार खर्चाचे नसते. तरी पुष्कळ जुने चालक तो बसवू देत नाहीत, कारण नव्या काट्याच्या खोडी पहिल्यापासून समजावून घ्याव्या लागतात, आणि कांद्याच्या हंगामात तेवढी सवड कोणाला असते?