लॅमिंग्टन रोडच्या सीड्या आणि गॉग

गिरगाव-लालबागच्या ज्या मंडळींनी नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटरवर गेम खेळले, त्यांची खरेदी लॅमिंग्टन रोडलाच. (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हणतो कोण!) बहुतेक सीड्या पायरेटेड, हे सगळ्यांना ठाऊक.

पण ज्यांनी प्रामाणिकपणे ओरिजिनल सीडी घेतली, त्यांचीच आज जास्त पंचाईत. तेव्हाच्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन असायचं. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने ते स्वीकारायचंच बंद केलं. त्याआधीचे प्रकार तर भारीच होते. डॉसवरच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची खोली यायची. मॅन्युअलमधल्या अमुक पानावरचा अमुक शब्द शोधायचा, त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची. चुकत राहिलात तर मेलात!

हा सगळा जाच काढून जुने गेम विकणारं दुकान म्हणजे गॉग, मूळ नाव 'गुड ओल्ड गेम्स'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ते २००८ साली सुरू केलं. ही कंपनी १९९४ ची, वॉर्सॉच्या बाजारात सीड्या विकणाऱ्या दोन मित्रांची. म्हणजे मूळचे तेही लॅमिंग्टन रोडवालेच!

डायाब्लो, कमांडोज, हिरोज ३ तिथे आहेत. डॉसचे गेम आजच्या विंडोजवर चालवणाऱ्या डॉसबॉक्ससकट येतात, सेटिंगची खटपट नाही. आपला लाडका 'रोड रॅश' मात्र नाही.

गॉगवरून गेम घेतलात तर त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर जरूर ठेवा.