टाचेमागचा दोर

सिडनी ऑलिंपिक, २०००. दहा हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने पॉल टर्गटला अवघ्या ०.०९ सेकंदाने मागे टाकलं, तेही दुखऱ्या अकिलीस टेंडनसह. मग शस्त्रक्रिया झाली.

अकिलीस टेंडन म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा कोलॅजनचा दोर. धावताना त्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. पावलागणिक तो स्प्रिंगसारखा ताणला जातो, ऊर्जा परत देतो. रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३मध्ये अणुचाचण्यांतून हवेत मिसळलेल्या कार्बनच्या खुणा टेंडनमध्ये शोधल्या. साधारण सतराव्या वर्षानंतर त्याचा गाभा जवळजवळ नव्याने घडतच नाही, असं दिसलं! जखम भरते ती व्रणाच्या ऊतीने. तिचे तंतू आधी अस्ताव्यस्त असतात, आणि मोजून वाढवलेल्या भारानेच हळूहळू ओळीत येतात. टाके लवकर सुटतात, पण हे काम वर्षभरही चालतं.

शस्त्रक्रियेनंतर, ऑगस्ट २००१मध्ये, एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत हैले तिसरा आला. अनेकांना तो पराभव वाटला. मला ते कांस्य त्याच्या सुवर्णांइतकंच मोलाचं वाटतं. ऑक्टोबरमध्ये ब्रिस्टलला त्याने जागतिक अर्धमॅरेथॉन जिंकली, आणि २००८मध्ये बर्लिनला पूर्ण मॅरेथॉन, २ तास ३ मिनिटं ५९ सेकंदांत, विश्वविक्रमासह.